निकम सरांची त्वचा

आमच्या कॉलेजात एक माणूस जन्मभर एका धड्यावर जगला. धडा मानवी त्वचेचा, आणि माणूस प्रा. अंबादासराव निकम. प्राणिशास्त्राचे बाकीचे धडे ते शिकवत नसत असं नाही. गांडूळ, झुरळ, बेडूक हे सगळं ते पुस्तकातून वाचून दाखवायचे आणि डिमॉन्स्ट्रेटर बिचारा कापून दाखवायचा. पण त्वचेचा तास आला की सर कडक इस्त्रीचा कोट चढवून येत, दाढी दोनदा घोटलेली असे, आणि दुसऱ्या वर्गांची मुलंसुद्धा दारात दाटीवाटीनं उभी राहत. मी शेजारच्या खोलीत वनस्पतिशास्त्र शिकवायची. मधे लाकडी फळ्यांची भिंत. त्यामुळे तो धडा दरवर्षी मलाही ऐकावा लागे, आणि आजही मी तो झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन.

"आपलं हे शहर बावन्न दरवाजांचं," सर सुरुवात करत. "भोवती परकोट कशाला बांधला? गनीम आत येऊ नये म्हणून. तशीच ही त्वचा. निजामाच्या काळात आम्ही शाळेत तिला जिल्द म्हणत होतो. पोलीस ॲक्शन झाली, भाषा बदलली, पण जिल्द काय आणि त्वचा काय, परकोट तो परकोटच!"

मग थर यायचे. सगळ्यात वर बाह्यत्वचा, तिच्या वरच्या अंगाला मेलेल्या पेशी. त्या रोज झडतात, घरातल्या केरात जातात, खालून नव्या येतात. तिच्याखाली अंतस्त्वचा, तिथे रक्तवाहिन्या, मज्जातंतूंची टोकं, घामाच्या ग्रंथी, केसांची मुळं. त्याच्याखाली चरबीची गोधडी. उन्हात घाम येतो तो अंग गार ठेवायला. थंडीत अंगावर काटा येतो कारण प्रत्येक केसाला एक बारीक स्नायू बांधलेला असतो. हे सगळं ते चांगलं सांगत, नाही म्हणणार नाही. आणि शेवटी टेबलावर मूठ आपटून म्हणत, "पण बाहेरचं काहीही त्वचेतून आत शिरत नाही! पाणी नाही, तेल नाही, नजर नाही, मंतर नाही!"

इथे टाळ्या पडत. वाक्य टाळ्यांचं होतं, त्यामुळे ते खरं आहे का, हे कुणी विचारत नसे.

आता हा त्वचेचा पंडित स्वतः कसा होता? त्यांना स्पर्शाचं वावडं होतं. मुलांनी वही पुढे केली की "टेबलावर ठेवा". कुणी हात मिळवायला आलं की हे चार पावलं मागे सरून नमस्कार करत. ड्रॉवरमध्ये साबणाच्या डबीत कार्बोलिक साबण, खडू हाताळला तरी हात धुणार. बायको गंगापूरकडे शेतावर ठेवलेली, कारण ती मातीचे पाय घेऊन घरात येते. हे सर बाहेरसुद्धा बिनदिक्कत सांगायचे. त्वचेचं एक भलंमोठं मॉडेल त्यांनी एका गणपती करणाऱ्याकडून प्लास्टरचं बनवून घेतलं होतं. रंग अर्थातच गणपतीचे, गुलाबी आणि पिवळे, आणि केसांच्या जागी केरसुणीच्या काड्या. त्याच्यावर पाटी होती, "हात लावू नये". त्वचा हे स्पर्शाचं इंद्रिय आहे, हे वाक्यही सर हात पाठीशी बांधून सांगत.

एकदा मेलॅनिनचा तास झाला. काळा आणि गोरा यांच्यात काय तो चिमूटभर रंगद्रव्याचा फरक, बाकी आत सगळे सारखेच, असं सर गहिवरून बोलले. त्याच आठवड्यात पुतण्यासाठी कुठेशी मुलगी बघून आले होते. स्टाफरूममध्ये चहा घेताना सांगू लागले, "मुलगी ग्रॅज्युएट आहे, वळणाची आहे, पण काय करणार, रंग दबला. नकार कळवला." मी समोर बसले होते. माझा रंग काय आहे हे मला आरशानं सांगायची गरज नाही. शहरातल्या निम्म्या वरमायांनी ते सांगून झालं होतं.

मी म्हटलं, "सर, चिमूटभराचाच फरक की."

"बाई," सर बशीत चहा ओतत म्हणाले, "शास्त्र वेगळं आणि संसार वेगळा."

त्या दिवसापासून मी त्यांना मनातून उतरवलं. पुढे जे घडलं त्यानं मी चुकले नव्हते एवढंच सिद्ध झालं.

कंजूषपणाबद्दल एकच गोष्ट सांगते, कारण ती पुढे लागणार आहे. प्रॅक्टिकलचे पांढरे एप्रन कॉलेजचे असत. मुलांना ते वर्षभर वापरायला मिळत, आणि दर शनिवारी त्यांचं गाठोडं परटाकडे जाई. धुलाई अर्थातच कॉलेजच्या खर्चानं. सर दोन एप्रनांच्या घड्यांत आपले शर्ट सरकवून देत. सोमवारी गाठोडं परत आलं की शिपाई सगळ्यांसमोर ते सोडे, आणि एप्रनांच्या मधून सरांचे चट्ट्यापट्ट्यांचे शर्ट निघत. मुलं खाली मान घालून हसत. एकदा डिमॉन्स्ट्रेटरनं धीर करून विचारलं तेव्हा सर म्हणाले, "शास्त्रज्ञाचा शर्ट हासुद्धा एप्रनच असतो." ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी जुन्या परटानं काम सोडलं आणि छावणीकडचा एक नवा परीट आला. जुना परीट कपडा ओळखायला कॉलरला रंगीत दोऱ्याचा टाका घालायचा. नवा बिब्ब्यानं खूण करायचा. बिब्ब्याच्या फळात काळं, दाट तेल असतं. सुईनं टोचून ते कपड्यावर लावलं की डाग जन्मात जात नाही. आमच्या गाठोड्याची खूण होती कॉलरच्या आतल्या अंगाला एक फुली.

सरांना गावोगाव नाव मिळालं ते मात्र वर्गातल्या धड्यानं नव्हे. 'भानामती: एक थोतांड' या विषयावर ते व्याख्यानं देत. तेव्हा आमच्याकडे भानामतीनं गावंच्या गावं हवालदिल व्हायची. कुणाच्या घरावर दगड पडायचे, कुणाच्या अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उठायच्या, आणि मग करणी कुणी केली म्हणून एखाद्या विधवेला झोडपून काढायचे. त्याविरुद्ध बोलणं हे चांगलं काम होतं, आणि म्हणूनच तर मला राग आहे. सर जीपनं जात, हार घालून घेत, पेढे खात, आणि भाषणाच्या शेवटी उपरणं फेकून गर्जना करत, "हा मी उभा आहे! कुणात हिंमत असेल त्यानं माझ्यावर करून दाखवावी भानामती!" बायका तोंडाला पदर लावायच्या. सर विजयी मुद्रेनं हात धुवायला पाणी मागायचे.

आता कौसल्या गडदे. गंगापूरच्या पलीकडच्या एका वाडीतली धनगराची पोर, सगळे तिला कौसा म्हणत. बाप म्हादबा मेंढरं राखायचा, आई दुसऱ्याच्या शेतात जायची, आणि ही बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मुलींच्या वसतिगृहात राहायची. वसतिगृहाची रेक्टर मीच. पोरीला प्रश्न पडायचे, आणि पडले की ती विचारायची, हा तिचा मोठाच दोष. सरांच्या त्या प्रसिद्ध तासाला, टाळ्या संपल्यावर, कौसा उभी राहिली.

"सर, बाहेरचं काहीच आत जात नाय म्हणता, तर मग मलम लावल्यावर गुण कसा येतो?"

वर्ग हसला. भिंतीपलीकडे मीही हसले. सर एवढंच म्हणाले, "परीक्षेला विचारत नाहीत ते बोलू नये." अशी माणसं मोठं काही लक्षात ठेवत नाहीत, पण असला हशा मरेपर्यंत विसरत नाहीत.

उन्हाळा लागता लागता, प्रॅक्टिकलची तयारी जोरात असताना, कौसाच्या मानेवर मागच्या बाजूला फुली उठली. लाल, सुजलेली, बारीक फोडांची, चांगली बोटभर लांब फुली. वेणी घालताना खोलीतल्या मुलीनं बघितली आणि किंचाळत बाहेर पळाली. तासाभरात सगळं वसतिगृह अंगणात. मुलींनी तिची घागर वेगळी ठेवली. तिच्या खोलीत झोपायला कुणी तयार होईना. दोघींनी घरी निरोप धाडले. मी दटावून पाहिलं, पण भ्यालेल्या चाळीस पोरींपुढे एकट्या बाईच्या दटावण्याचं काय चालणार? गोष्ट प्राचार्यांपर्यंत गेली.

प्राचार्य सज्जन होते, म्हणजे कुठलाही निर्णय दुसऱ्यानं घ्यावा अशी त्यांची इच्छा असे. ते म्हणाले, आपल्याकडे त्वचेचे तज्ज्ञ आहेत, भानामतीचेही तज्ज्ञ आहेत, आणि दोन्ही एकाच पगारात. बोलवा निकम सरांना.

सर आले. कौसाला भिंतीकडे तोंड करून उभी केली. सर तिच्यापासून दोन हातांवर थांबले. टेबलावरची फूटपट्टी उचलली आणि तिच्या टोकानं तिची वेणी बाजूला सारली. मी हे विसरलेले नाही. मेलेली पाल अंगणातून ढकलावी तशी सारली. वाकून बघितलं नाही, चष्मा पुसला नाही. जरा वेळानं पट्टी खाली ठेवली आणि हात धुवायला निघाले.

"स्वतःच केलेलं आहे," बेसिनपाशी उभे राहून ते म्हणाले. "ओरखडलं, वर काहीतरी लावलं. बाहेरचं आपोआप आत शिरत नाही. या वयाच्या मुलींना आपल्याकडे लक्ष वेधून घ्यायचं असतं."

"सर, मानंच्या मागं मी कशी काढीन?" कौसा भिंतीकडे तोंड करूनच बोलली. "मला तर दिसत बी नाय ती. पोरींनी सांगितलं तवा कळली."

"वेणी घालतेस ना रोज? तोच हात."

प्राचार्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. निकाल लागला होता. मुलीनं सरांची माफी मागावी, पुन्हा असं करणार नाही म्हणावं, आणि परीक्षेला बसावं. नाही तर वडिलांनी येऊन घेऊन जावं. वसतिगृहात असली नाटकं चालणार नाहीत.

"मी केलंच नाय त्याची माफी कशी मागू?" कौसा म्हणाली. म्हणून तिच्या वडिलांना निरोप गेला.

म्हादबा आला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, डोळ्यांत भीती. त्याचं मत वेगळंच होतं. तो माझ्या ऑफिसच्या उंबऱ्यावर बसून म्हणाला, "बाई, पोरीचा काय बी गुन्हा नाय. शिकती म्हणून कुणाच्या तरी डोळ्यावर आली. केलंय कुणीतरी. जाणत्याला दाखवतो, उतारा करतो, मंग बघू. नायतर तिचा मामा स्थळ घिऊन बसलाच हाय." म्हणजे सर म्हणत होते पोरीनं केलं, बाप म्हणत होता पोरीवर केलं. ट्रंक बांधताना कौसा मला म्हणाली, "बाई, कुणी माझ्या मानंकडं बघतच नाय. जो तो आपलंच बघतो." मी तिची मान बघितली होती, पण मला तरी काय कळलं होतं? त्वचा माझा विषय नव्हता. ज्याचा होता त्यानं पट्टीनं बघितलं.

पोर गेली. परीक्षा महिन्यावर आली होती. ती चुकली तर पुढच्या वर्षी तिला कुणी परत पाठवणार नाही, हे मला दिसत होतं. आणि गेली ती खोटारडी म्हणून गेली. एका पोरीमागे वाडीतल्या दहा पोरींची शाळा बंद होणार होती.

आणि मग एका सोमवारी निकम सर मफलर गुंडाळून कॉलेजात आले.

आमच्याकडचं ऊन ज्यांना माहीत आहे त्यांना मी काय सांगणार? माणसं डोक्यावर ओला रुमाल ठेवून चालत होती आणि सरांच्या गळ्याला करड्या लोकरीचे तीन वेढे. विचारलं तर म्हणाले, घसा बसलाय. घसा बसलेला माणूस धडाडून बोलत होता. बोलता बोलता मफलरमध्ये मागून बोट घालायचे, खाजवायचे, दचकून बोट काढायचे. डिमॉन्स्ट्रेटर म्हणाला, गळू झालं असेल. मलाही तसंच वाटलं.

गुलमंडीत आमचं कापडाचं दुकान होतं, भाऊ बघायचा. एका दुपारी जेवताना भाऊ म्हणाला, "तुमच्या कॉलेजातले ते भानामतीवाले सर आले होते. सव्वा हात काळं कापड नेलं."

"कशाला?"

"मी पण विचारलं. तर म्हणाले प्रयोगाला लागतं." भावानं घास खाली ठेवला. "ताई, इतकी वर्षं गादीवर बसतोय मी. सव्वा हात काळं कापड माणूस एकाच कामाला नेतो."

मी आधी हसले आणि मग मला शिसारी आली. हार घालून घेणारा, उपरणं फेकणारा, पोरीची वेणी पट्टीनं सारणारा हा माणूस, लिंबू आणि काळं कापड घेऊन कुणा मांत्रिकापुढे बसला होता! त्या मांत्रिकानं म्हणे त्यांना सांगितलं होतं की हा एका पोरीचा हात आहे. हे पुढे शिपायाकडून कळलं, कारण मांत्रिकाकडे शिपायाचा मेहुणाही जायचा आणि असल्या दुकानात गिऱ्हाइकाची गुप्तता वगैरे काही नसते. उपाय म्हणून त्यानं सरांच्या गळ्यात काळा दोरा बांधला होता. दोऱ्यात लिंबू बांधता येत नाही म्हणून बिब्बा ओवला होता. भोक पाडलेला, ताजा बिब्बा. सर दिवसेंदिवस जास्तच खाजवू लागले.

परीक्षेला आठवडा उरला असताना कौसा आली. बरोबर म्हादबा. पोरीच्या डोळ्यांत असं काही होतं की मी दोघांना पाणी द्यायचंही विसरले. तिनं पिशवीतून आपला एप्रन काढून माझ्या टेबलावर पसरला आणि कॉलर उलटी केली. आत काळी, ठळक फुली.

"बाई, घरी गेल्यावर मान पार बरी झाली. आण्णा म्हणले, उताऱ्यानं गुण आला. मला बी तसंच वाटाया लागलं हुतं. मंग आई म्हणली, कालिजात काय घालता ते दाव की गं. म्हणून मी एप्रन घालून दावला. आईला लई आवडला. चुलीपाशी बसून दिवसभर तसाच घातला. तिसऱ्या दिवशी परत फुली." तिनं पाठ वळवून वेणी पुढे घेतली. होती. नवी, लालबुंद. तिनं कॉलर मानेवर बसवली. फुलीवर फुली बरोबर बसली.

"बिब्बा उतलाय, बाई. ल्हानपणी आईच्या टाचंच्या भेगांत बिब्बा भरताना मला लागला हुता, तवा हात असा सुजला हुता. एकदा सोसला नाय की मंग थोडा बी लागला तरी उततो. बाकीच्या पोरींना सोसतो, मला नाय."

बिब्ब्याची फुली कॉलरला असते हे सगळ्यांना माहीत. बिब्बा उतला की अंग सुजतं हेही सगळ्यांना माहीत. पण पोरीच्या मानेवर फुली दिसली की भानामती किंवा नाटक, याच्यापलीकडे आमच्यातल्या एकाचंही डोकं गेलं नव्हतं. मी तशीच उठले आणि दोघांना घेऊन प्राचार्यांकडे गेले. प्राचार्यांनी एप्रन पाहिला, मान पाहिली, आणि अपेक्षेप्रमाणे म्हणाले, "निकम सर म्हणतील तसं. विषय त्यांचा आहे."

सर आले. मफलर होताच. कौसा खोलीत आहे हे दिसताच दारातच अडखळले, आणि खुर्ची लांब ओढून तिच्यापासून जमेल तेवढे दूर बसले. मी सगळं सांगितलं. कौसानं एप्रन त्यांच्यासमोर धरला. कॉलरची फुली त्यांनी पाहिली आणि त्यांचा उजवा हात आपोआप मफलरकडे गेला. त्या माणसाचा चेहरा मी त्या क्षणी नीट पाहिला. त्यांना कळलं होतं. आपल्या शर्टाच्या कॉलरला काय आहे, ते तिथे कसं आलं, गळ्यातल्या बिब्ब्यानं काय केलं, सगळं एका दमात कळलं होतं. शिकलेला माणूस होता, मूर्ख नव्हता. एक वाक्य बोलायचं होतं. 'मुलीचं बरोबर आहे.' बस.

ते म्हणाले, "योगायोग."

मग जरा खाकरून पुढे म्हणाले, "असो. मुलगी लहान आहे. मी मोठ्या मनानं म्हणतो, तिला परीक्षेला बसू द्या. झाल्या प्रकाराबद्दल तिनं चुकले म्हणावं, म्हणजे विषय संपला. माझी हरकत नाही."

प्राचार्य खूश झाले. "म्हण बाळ. एक शब्द म्हण आणि जा."

म्हादबानं घोंगडी सावरली. त्याला वाटलं मिटलं. तो हळूच म्हणाला, "म्हण गं पोरी. मोठी माणसं हायेत."

कौसानं एप्रनची घडी घातली. ती रडेल असं मला वाटलं होतं, पण तिचा आवाज वर्गात प्रश्न विचारतानाचा होता.

"म्हणते, सर. चुकले म्हणते. पण आधी तुमचा मफलर काढा."

सरांनी मफलरचा वेढा आणखी आवळला.

"तुमचे शर्ट बी त्याच गाठोड्यात जात्यात. सगळ्या पोरांनी बघितलेत. काढा मफलर. तुमच्या मानंवर काय नसलं तर मी पाया पडते."

मफलरच्या वेढ्यातून काळ्या दोऱ्याचं टोक बाहेर आलं होतं. प्राचार्यांना ते दिसलं. त्यांनी ते बघितलं, मग सरांकडे बघितलं, मग टेबलावरच्या पेपरवेटकडे. सर उठले. "मला तास आहे," म्हणाले आणि गेले. दुपारी दोन वाजता, कॉलेज सुटायच्या बेतात असताना.

प्राचार्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःचं काहीतरी ठरवलं असावं. "जा पोरी," ते म्हणाले, "बस परीक्षेला." पुढे परटाला दोऱ्याची खूण करायला सांगितलं गेलं. कौसा पास झाली, पुढे बी.एड. करून गंगापुरात मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवू लागली. तिच्या वाडीतल्या मुली तिच्यामागून आल्या. हे सगळं चांगलं झालं, आणि ते निकम सरांमुळे नाही, निकम सर असूनही झालं.

सरांचं काय झालं? काही नाही. असल्या माणसांचं काही होत नाही. ते तोच धडा शिकवत राहिले, मूठही आपटत राहिले. फक्त गावोगावची व्याख्यानं तब्येतीच्या कारणानं बंद झाली. आणि मफलर राहिला. त्या उन्हाळ्यात राहिला, पावसाळ्यात राहिला, पुढच्या उन्हाळ्यातही राहिला. नवी मुलं त्यांना मफलर सर म्हणू लागली. बिब्ब्याचा डाग बरा झाला तरी काळसर खूण काही दिवस राहते, ते मेलॅनिनचंच काम. ती खूण कुणाला दिसू नये म्हणून असेल, असं मी धरून चालले. निवृत्तीच्या समारंभात हार घातला तोसुद्धा मफलरवरून. एका वक्त्यानं त्यांना अंधश्रद्धेविरुद्ध लढणारा योद्धा म्हटलं. सरांनी मान हलवली, बेताबेतानं.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी मी त्यांना एकदाच पाहिलं. छावणीच्या बाजारात मी चपलेचा अंगठा शिवून घ्यायला थांबले होते. शेजारी न्हाव्याचं दुकान. आत खुर्चीवर पांढऱ्या चादरीत एक म्हातारा, डोकं खाली घातलेलं. मफलर खुंटीवर दिसला म्हणून ओळखलं. आपल्याला कुणी ओळखणार नाही इतक्या लांब ते केस कापायला येत होते. न्हावी मानेवरचे केस वस्तऱ्यानं साफ करत होता, आणि मला त्यांची मान अगदी समोर दिसत होती, दुपारच्या लख्ख उजेडात.

मानेवर काहीही नव्हतं. डाग नाही, वण नाही, सावलीसुद्धा नाही. म्हाताऱ्या माणसाची सुरकुतलेली, गोरीपान, कोरी मान. पेशी झडतात, खालून नव्या येतात, हे सांगणाऱ्या माणसानं आपल्या मानेचं काय झालं ते इतक्या वर्षांत ना स्वतः बघितलं होतं, ना कुणाला बघू दिलं होतं.

न्हाव्यानं रिवाजाप्रमाणे हातातला आरसा मागे धरला. "साब, पिच्छे का देख लेव."

सरांनी डोळे मिटून घेतले. "नक्को, नक्को. ठीक है."

मला दया यायला हवी होती. नाही आली. मी न्हाव्याच्या पायरीपाशी जाऊन म्हटलं, "सर, मान साफ आहे तुमची. काही नाही तिथं."

त्यांनी डोळे उघडले आणि समोरच्या आरशात मला पाहिलं. ओळखलंही, ते मला स्पष्ट दिसलं. मग चादर झटकायचीही वाट न बघता ते उठले, केसांसकट मफलर गुंडाळला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "कोण आपण?"

आणि गाठ मारून उन्हात चालू लागले.